कागद काळे करण्याच्या नोंदी: एक पेन्सिल, एक कावळा, चार चौकटी

४ जानेवारी

आजपासून रोज वीस मिनिटं पेन्सिल आणि कागद. शेवटी हातात काय हवं तेही आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर महिनाभरात सगळं विरून जाईल. चार चौकटींची, एकही शब्द नसलेली एक चित्रपट्टी. मी शेजारी उभं राहून समजावून न सांगता बघणाऱ्याला विनोद कळला पाहिजे.

सामान: २एच, एचबी, २बी आणि ४बी अशा चार पेन्सिली, खोडरबर, टोक काढायला ब्लेड आणि प्रिंटरचा साधा ८० जीएसएम कागद. जाड कागदाची एक बांधीव वही घरात आहे, भेट आलेली, चार वर्षं कोरी. तिचं पहिलं पान बिघडवायचा धीर होत नाही, म्हणून ती या कामाची नाही. सुट्या कागदाची भीड वाटत नाही.

नियम तीन. प्रत्येक कागदावर तारीख घालायची. काहीही फाडायचं नाही. पहिले पंधरा दिवस खोडरबर कपाटात राहणार.

शाळा सुटल्यापासून माझं चित्रकलेचं भांडवल म्हणजे दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि आकाशात टिकमार्कसारखे पक्षी. पुढे तुलनेला हवीत म्हणून आज दोन चित्रं काढून ठेवली: समोर धरून काढलेला स्वतःचा डावा हात आणि आठवणीतून काढलेला एक चेहरा. हात म्हणजे फुगवून गाठ मारलेला रबरी मोजा झाला आहे. चेहऱ्याबद्दल न बोललेलं बरं. त्याचे डोळे केसांना लागून आहेत.

५ जानेवारी

आज फक्त पेन्सिलींशी ओळख. शिसपेन्सिल म्हणतो खरं, पण तिच्यात शिसं कधीच नव्हतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला ग्रॅफाइटचा शुद्ध साठा सापडला तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. मूळ गैरसमज मिटला, नाव मात्र चिकटून राहिलं. आजची कांडी म्हणजे ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र भाजलेली. हे मिश्रण फ्रान्समध्ये निकोला-जाक काँतेने १७९५ साली बसवलं. माती जास्त तर कांडी कठीण आणि रेघ फिकट, हा झाला एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, तो बी. आकडा वाढला की तो गुण वाढतो.

चारही पेन्सिलींनी एकेक पट्टी रंगवली, हळूहळू दाब वाढवत. एचबीने कितीही दाबलं तरी ४बीइतका काळा येत नाही, कागद मात्र चकाकायला लागतो. २एचने दाबून काढलेली रेघ कागदात चर पाडते. त्यावरून ४बी फिरवली की चर पांढराच राहतो. हे लक्षात ठेवायला हवं. (२३ मार्चची भर: लक्षात ठेवलं नाही.)

८ जानेवारी

तीन दिवस नुसत्या रेघा. दोन ठिपके द्यायचे आणि ते एका रेघेने जोडायचे. सोपं वाटतं. माझी रेघ मात्र दुसऱ्या ठिपक्यापर्यंत पोचेस्तोवर तीनदा विचार बदलते.

दोष पकडीत आहे. मी पेन्सिल लिहायला धरावी तशी टोकाजवळ धरते, आणि त्या पकडीत फक्त मनगट हलतं. मनगट एका छोट्या कमानीत फिरतं, त्यामुळे लांब सरळ रेघ त्याला जमणारच नाही. पेन्सिल मागे धरून कोपरापासून, किंवा चक्क खांद्यापासून हात फिरवला की रेघ डळमळते पण वाकडी जात नाही. आणखी एक गोष्ट कामी आली: टोक कागदाला न लावता हवेतच दोनचार वेळा तो प्रवास करायचा, आणि नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून मग हात खाली टेकवायचा.

माझ्या रेघा केसाळ आहेत. एका रेघेच्या जागी बारा भुरभुरीत तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे 'इथे असेल बहुतेक'. खोडरबर नसल्याने हा भित्रेपणा कागदावर जसाच्या तसा दिसतो.

९ जानेवारी

अंगठ्याचं बोट दुखतंय. पेन्सिल पकडतेय की पळून जाईल म्हणून आवळतेय?

१३ जानेवारी

कप. सरळ कडांचा, एक कान असलेला, पांढरा. सात वेळा काढला.

पहिल्या सहा कपांमध्ये एकच चूक आहे आणि ती मला सहाव्यापर्यंत दिसली नाही. वरची कड लंबवर्तुळ काढली, ठीक. खालची कड मात्र दरवेळी सरळ रेघ. का? कारण कप टेबलावर बसलाय, टेबल सपाट आहे, म्हणून कपाचं बूडही सपाट. हे माझ्या डोक्यातलं ज्ञान, डोळ्यांनी तसलं काही पाहिलेलंच नाही. पेन्सिल आडवी धरून कपाच्या बुडाशी लावली तेव्हा दिसलं: बुडाची कड मध्यभागी चांगली खाली झुकली आहे. वरच्या कडेपेक्षाही जास्त.

मग कप उचलून डोळ्यांसमोर धरला. कड डोळ्यांच्या बरोबर पातळीत आली की लंबवर्तुळ मिटून नुसती रेघ होते. जसजसा कप खाली न्यावा तसतसं ते उघडत जातं. म्हणजे टेबलावरच्या कपाचं बूड डोळ्यांपासून जास्त खाली, म्हणून तिथलं वर्तुळ जास्त उघडं, जास्त गोल. अर्धा तास कप वरखाली करत बसले होते. घरातल्यांनी काही विचारलं नाही, याबद्दल आभार.

दुसरी चूक लंबवर्तुळाच्या दोन टोकांची. मी ती टोकदार करते, होडीसारखी. ती टोकं म्हणजे वळणं आहेत, रेघ तिथे कुठेही मोडत नाही. हात न उचलता दोनदा-तीनदा तेच वर्तुळ फिरवलं की टोकं आपोआप गोल होतात.

सातवा कप कप दिसतो. कान अजून उपराच आहे.

१७ जानेवारी

कागदाकडे न बघता चित्र. पेन्सिलीचं टोक कागदावर, नजर वस्तूच्या कडेवर, आणि नजर मुंगीच्या वेगाने सरकेल तसा हात सरकवायचा. खाली बघायला मनाई. अमेरिकेतले कलाशिक्षक किमॉन निकोलायडीस यांनी हा सराव शिकवण्यात रुजवला. त्यांचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये छापून आलं.

डावा हात काढला. बोटं एकमेकांवर चढलेली, अंगठा मनगटाच्याही खालून निघालेला. पण करंगळीच्या सांध्यावरच्या तीन सुरकुत्या त्यात आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. ४ जानेवारीच्या रबरी मोज्यात एकही सुरकुती नव्हती. हा हात मोडका असला तरी कुणाचा तरी आहे.

२० जानेवारी

छापील रेखाचित्र उलटं ठेवून नक्कल केली. बेटी एडवर्ड्स या शिक्षिकेने १९७९ मध्ये लोकप्रिय केलेली युक्ती. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांची जी कारणमीमांसा तिच्यासोबत आली ती शास्त्रज्ञांना आता तशीच्या तशी मान्य नाही, पण युक्ती चालते. उलट्या चित्रात नाक नाक म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे डोक्यातलं 'नाक' मध्ये तडमडत नाही. उरतात फक्त रेघा: ही तिरकी, ही तिच्यापेक्षा थोडी लांब, इथे दोघी भेटतात.

सुलटं करून पाहिलं आणि खुर्चीतून उठले. माझ्या हातून निघालेलं हे पहिलं चित्र, ज्यात माणूस खरोखर बसलेला आहे.

खोडरबराची शिक्षा संपली. आता गंमत म्हणजे ते फारसं लागत नाही.

२६ जानेवारी

पाच दिवस शून्य. कारण काही नाही. आज दहा मिनिटं नुसती वर्तुळं.

२९ जानेवारी

खुर्ची. खुर्ची नाही काढली, खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागा काढल्या. मागच्या दोन पायांमधला चौकोन खरं तर चौकोन नव्हताच, एका बाजूला दबलेला समलंब होता. चार रिकाम्या जागा नीट बसवल्या आणि खुर्ची आपोआप उरली. रिकामी जागा डोक्याला नावाने माहीत नसते, म्हणून डोळ्यांना तिच्याबद्दल खोटं बोलता येत नाही.

३ फेब्रुवारी

चेहऱ्याचा हिशेब आरशासमोर पेन्सिलीने मोजला. डोक्याचा माथा ते हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर डोळे. मध्यावर! मी जन्मभर ते वरच्या तिसऱ्या हिश्शात काढत आले, कारण कपाळ आणि केसांत बघण्यासारखं काही नाही म्हणून मी ती जागाच कापते. समोरून चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी, दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याची जागा. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. ओठांची रेघ नाक आणि हनुवटी यांच्या मधोमध नसते, नाकाकडे सरकलेली असते, एक तृतीयांशावर.

या मापांनी चेहरा काढला तर तो बरोबर दिसतो आणि कुणाचाच दिसत नाही. पासपोर्टच्या फोटोसारखा. चालेल. निदान डोळे केसांतून बाहेर आले.

८ फेब्रुवारी

आजपासून व्यंगचित्राकडे. माझा समज असा होता की व्यंगचित्र म्हणजे चित्रकलेची सोपी आवृत्ती, जमलं नाही की म्हणायचं, तसंच काढायचं होतं. हा समज एका संध्याकाळी मोडला.

रोडॉल्फ टोफर हा जिनिव्हातला शाळामास्तर. चित्रकार व्हायचं होतं, डोळे अधू म्हणून राहिलं, मग विद्यार्थ्यांना हसवायला चित्रकथा काढू लागला. आज चित्रकथांच्या आद्यपुरुषांत त्याचं नाव घेतात. १८४५ मध्ये त्याने लिहून ठेवलं आहे की चेहरा कितीही गबाळा गिरगटा, त्याला काही ना काही भाव येतोच. तेव्हा उलट मार्गाने जा: आधी गिरगटा, मग बघा हा माणूस कोण आहे.

मी तक्ता केला. चार ओळी, चार स्तंभ, सोळा सारखी वर्तुळं, सोळा सारखी नाकं, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. प्रत्येक ओळीत एक भुवई: सपाट, वर उचललेली, आत खाली झुकलेली, आत वर चढलेली. प्रत्येक स्तंभात एक तोंड: सरळ, हसरं, उलटं, उघडं.

मला वाटलं होतं तोंड राज्य करेल. छे! भुवया करतात. हसरं तोंड आणि आत खाली झुकलेल्या भुवया: हा माणूस तुमचं काहीतरी लपवून बसलाय. तेच हसू, भुवया आत वर चढलेल्या: हा बिचारा वाईट बातमी सांगायला आलाय आणि हसून सांगणार आहे. तोंडाची रेघ दोन्हीकडे एकच, मी मोजून काढली होती. उघडं तोंड आणि सपाट भुवया असा एक निघाला, तो बहुतेक मीच, कप वरखाली करताना.

एक भुवई अर्धा मिलिमीटर वर गेली आणि माणसाचा स्वभाव बदलला. यात सोपं काय आहे?

१० फेब्रुवारी

शब्दांचा मासला. कार्टून हा शब्द मुळात इटालियन 'कार्तोने', म्हणजे जाड कागद. भित्तिचित्राआधी त्या कागदावर पूर्ण आकारात कच्चं चित्र काढत. १८४३ मध्ये लंडनच्या संसदभवनासाठी अशी गंभीर कार्टूनं मांडली गेली आणि 'पंच' साप्ताहिकाने खिल्ली उडवायला आपलीही 'कार्टूनं' छापली. तेव्हापासून शब्द फिरला. आपल्याकडे त्या एका शब्दाच्या जागी तीन आहेत: टोचतं ते व्यंगचित्र, नुसतं हसवतं ते हास्यचित्र, आणि माणसाच्या चेहऱ्याचं सार काढून तेच वाढवतं ते अर्कचित्र. अर्क! या शब्दातच कृती सांगितलेली आहे. उकळायचं, उडून जाईल ते जाऊ द्यायचं, उरेल ते घ्यायचं.

१५ फेब्रुवारी

खिडकीच्या कठड्यावर रोज एक कावळा येतो. मॉडेल फुकट आहे, पण पगारी नसल्याने स्थिर बसत नाही.

आधी संपूर्ण कावळा काढायला गेले. डोकं होईपर्यंत तो वळलेला, अंग होईपर्यंत उडालेला. मग पद्धत बदलली. एका कागदावर वीस कावळे, प्रत्येकाला फार तर तीस सेकंद. पहिली रेघ चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, एकच, सगळ्या अंगाचा कल सांगणारी. मग डोक्याचा गोळा, अंगाचा अंडाकार, पायांच्या दोन काड्या. पिसं वगैरे काही नाही.

वीसपैकी सतरा बटाट्याला काड्या टोचल्यासारखे. तीन मात्र कावळे आहेत. त्यातला एक तर उडायच्या बेतात आहे, हे फक्त त्या पहिल्या रेघेमुळे कळतं.

आर. के. लक्ष्मण आयुष्यभर कावळे काढत राहिले, आवडीने. आजवर मला ती एका मोठ्या माणसाची लहर वाटायची. आज वाटलं, इतक्या कमी रेघांत इतका आगाऊपणा दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात मिळणार?

१६ फेब्रुवारी

कावळा काळा आहे म्हणून ४बीने गच्च भरला. तो कोळसा झाला, वर चकाकणारा कोळसा. शिवाय तळहात घासून अर्धा कागद राखाडी. उपाय दोन: हाताखाली कोरा कागदाचा तुकडा ठेवायचा, आणि भरताना डावीकडून उजवीकडे जायचं (मी उजवखोरी आहे). पाठीवर आणि चोचीच्या वरच्या कडेला कागदाची पांढरी फट सोडली तर तो जास्त काळा दिसतो. सगळं भरलं की काळेपणाला तुलनाच उरत नाही.

२० फेब्रुवारी

आठ वर्षांची भाची आली होती. सगळ्यात चांगला कावळा तिच्यापुढे ठेवला.

"मावशी, हे बदक का रागावलंय?"

करायला गेले गणपती, झाला मारुती. ती गेल्यावर तासभर चोचीकडे बघत बसले. माझ्या चोची पुढे जाताना पसरट होतात आणि टोकाशी किंचित वर वळतात. कावळ्याची चोच मुळाशी जाड, जवळजवळ डोक्याच्या निम्म्या उंचीची, आणि वरची कड टोकाकडे खाली उतरते. कपाळ आणि चोच यांच्यात फारसा खड्डाही नाही. त्याच्या चेहऱ्यावरची घमेंड बहुतेक तिथूनच येते.

आता परीक्षा अशी: बाह्यरेषा काढायची, आत सगळं काळं भरायचं. नुसत्या सावलीवरून कावळा ओळखू आला तर पास. आज अकरा काढले, चार पास.

२४ फेब्रुवारी

पट्टीची कल्पना मिळाली, आणि मी शोधत नव्हते.

कावळ्याचं माप घेत होते. हात ताठ पुढे, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून, पेन्सिलीच्या टोकाशी त्याची शेपटी आणि अंगठ्याच्या नखाशी त्याचं डोकं. (कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून ताठ. दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोन पेन्सिली दिसतात, म्हणून एक मिटलेला.) कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे नीट बघायचं झालं की तो मान तिरपी करून एकच डोळा आपल्याकडे करतो. तर मी एक डोळा मिटून त्याच्याकडे, तो एका डोळ्याने माझ्याकडे. मोजतंय कोण नक्की?

चौकटी: १) बाई एक डोळा मिटून पेन्सिलीने कावळ्याचं माप घेते. २) कावळा मान तिरपी करतो. ३) बाई कागदाकडे वळते, बाजूला ठेवलेली पेन्सिल कावळा पळवतो. ४) कावळा पेन्सिल समोर धरून, एक डोळा मिटून, बाईचं माप घेतोय.

१ मार्च

बाई, म्हणजे मी. खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. कागदावरच्या मला तीन डोकी दिली. मोठं डोकं म्हणजे भावाला जागा, आणि हातपाय आखूड म्हणजे चुकांना जागा कमी.

अडचण वेगळीच आहे. पहिल्या चौकटीतली बाई आणि दुसऱ्या चौकटीतली बाई, या बहिणी आहेत. फार तर मावसबहिणी. एकच व्यक्ती दोनदा काढणं हे चित्र काढण्याहून निराळं काम आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणून आज एका कागदावर तिचा नमुना पक्का केला: समोरून, बाजूने, पाऊण वळलेली. अंबाडा डोक्याच्या एक तृतीयांश. चष्मा गोल, नाकाच्या टोकावर. नाक म्हणजे आडवा पडलेला स्वल्पविराम. कानांना सुट्टी. पुढे कुठेही शंका आली की हा कागद बघायचा, स्मरणशक्तीला विचारायचं नाही.

जानेवारीत 'डोळा', 'नाक', 'बूड' अशी डोक्यातली तयार चिन्हं हुसकून लावायला महिना घातला, आणि आता स्वल्पविरामाला नाक म्हणतेय. पण हा स्वल्पविराम आरशात बघून, चौदा नाकं काढून मग उरलाय. शाळेतले टिकमार्क पक्षी कुणी बघून काढले नव्हते.

९ मार्च

हात. आठवडा गेला. व्यंगचित्रांतल्या माणसांना बरेचदा तीनच बोटं आणि अंगठा का असतो हे आता कळलं: एवढ्याशा जागेत पाच बोटं म्हणजे गर्दी. आधी बोटं जोडलेला मोजा काढायचा, अंगठा वेगळा, मग मोज्यात फटी पाडायच्या. पेन्सिल धरलेली मूठ समोरून अजूनही फुलकोबी दिसते. पहिल्या चौकटीत बाजूने दाखवेन. पळपुटेपणा आहे, मान्य.

१४ मार्च

काडेपेटीएवढ्या चौकटींत कच्ची मांडणी, नऊ वेळा. बाई कायम डावीकडे, कावळा कायम उजवीकडे. मध्येच बाजू बदलल्या की बघणाऱ्याला दोघं जागा सोडून फिरताहेत असं वाटतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून पहिल्या चौकटीत नजर बाईवरून पेन्सिलीच्या दिशेने कावळ्यापर्यंत जाते. चौथीत ती आधी बाईवर पडेल आणि मग उजवीकडे कावळ्यावर, म्हणजे विनोद शेवटी येईल. हे आपोआप जमलं, श्रेय घेत नाही.

तिसऱ्या चौकटीत कावळ्याच्या मागे झपकन गेल्याच्या दोन रेघा आणि धुळीचा एक पुंजका टाकला. अशा खुणांना अमेरिकन व्यंगचित्रकार मॉर्ट वॉकरने गमतीने नावं ठेवली होती: धुळीच्या पुंजक्याला 'ब्रिफिट', घामाच्या उडणाऱ्या थेंबांना 'प्लूड'. नावं थट्टेची होती, पण लोकांनी खरीच धरली.

१८ मार्च

कच्ची पट्टी भाचीपुढे. शब्द नाहीत, मी तोंड मिटून.

पहिली: "तू कावळ्याला इंजेक्शन देतेयस." दुसरी: "तो घाबरला." तिसरी: "किडा खातोय." चौथी: बराच वेळ गप्प.

ती घरी गेल्यावर तिसरी चौकट भिंगाखाली घेतल्यासारखी तपासली. किडा का? पेन्सिल फक्त चोचीबाहेर दोन्हीकडे डोकावतेय, तिचं टोक दिसत नाही. शिवाय खिडकीच्या चौकटीची आडवी रेघ बरोबर पेन्सिलीच्या कडेला येऊन टेकते. दोन वेगळ्या वस्तूंच्या रेघा अशा एकमेकींना चाटून गेल्या की पुढचं काय आणि मागचं काय हेच कळत नाही. दोन्ही एकमेकांत शिरतात. एकतर रेघ स्पष्ट छेदून जायला हवी, नाहीतर चांगली लांब. टेकायला नको. शोधायला लागले तर असे आणखी तीन टेके निघाले: अंबाडा चौकटीच्या वरच्या कडेला, कावळ्याची शेपटी कठड्याला, कोपर कागदाच्या कोपऱ्याला.

आणि इंजेक्शन. बरोबरच आहे. हातात टोकदार काहीतरी, समोर एक प्राणी. मी मापाचं तंत्र शिकले म्हणून मला ते माप वाटतं. तिने ते कधी पाहिलेलं नाही. पहिल्या चौकटीत बाईच्या मांडीवर कागद हवा आणि त्यावर अर्धा काढलेला कावळा हवा.

२३ मार्च

पक्कं चित्र, पहिला प्रयत्न. कच्च्या रेघा २एचने आणि, सवयीने, दाबून. वरून ४बीने कावळा भरला, तर त्याच्या अंगात पांढऱ्या शिरा. ५ जानेवारीची नोंद. साध्या खोडरबराने त्या पुसायला गेले तर ४बी पसरून आभाळ भरून आलं. मऊ ग्रॅफाइटला घासायचं नसतं, टिपायचं असतं, पिठासारखं मळता येणारं खोडरबर हलकेच दाबून. तेव्हा ते माझ्याकडे नव्हतं. आता आहे.

कागद फाडायचा नाही या नियमाची आज पहिल्यांदा चीड आली.

२७ मार्च

बिघडलेला कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला, वर नवा, उजेडात आरपार दिसणाऱ्या रेघा एचबीने अलगद उतरवल्या. उतरवताना रेघा मरतात. जिथे मूळ रेघ झपकन गेली होती तिथे नवी सावकाश, थरथरत जाते. म्हणून फक्त जागा उतरवल्या आणि खऱ्या रेघा टेबलावर बसून, हवेत दोनदा फिरवून, एका दमात मारल्या. २बीने. पुढे असलेल्या वस्तूंना जाड, मागच्यांना बारीक. खिडकीची चौकट जवळजवळ दिसेनाशी.

चौथ्या चौकटीतल्या कावळ्याचा मिटलेला डोळा: एक छोटी कमान. कमान वर फुगवली तर तो खूश, खाली झुकवली तर झोपलेला. शेवटी सरळ, किंचित तिरकी रेघ. आता तो एकाग्र आहे. या एका रेघेला पाऊण तास.

२९ मार्च

पट्टी पूर्ण. भाचीला दाखवली, आधीसारखीच तोंड मिटून. पहिली चौकट: "तू कावळा काढतेयस." तिसरी: "चोर!" चौथीत ती नुसती हसली नाही, स्वतः एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिल माझ्यासमोर धरली.

पण सगळ्यात मोठ्याने हसली ती पहिल्या चौकटीला. का गं, म्हणून विचारलं, तर बोट बाईच्या तोंडावर. ओठांच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आहे. आरशात बघून काढताना ते आलं, मी विनोद म्हणून घातलंच नव्हतं.

"मावशी, तू खरंच अशी जीभ काढतेस, माहितीये?"

माहीत नव्हतं.

रात्री डावा हात पुन्हा काढला, ४ जानेवारीच्या शेजारी ठेवायला. बोटांना सांधे आहेत, नखं बोटांवर बसलेली आहेत. अंगठा अजून दुसऱ्या कुणाचा तरी आहे.